अगाफ्याच्या गाईचा कागद

ज्या गोष्टीला वास नाही, चव नाही आणि जी चावत नाही, ती गोष्ट नसतेच, असं अगाफ्या हुर्कोचं मत होतं, आणि कोणी विचारलं नाही तरी ती ते सांगायची. किरणोत्साराबद्दल चार शहाणपणाचे शब्द सांगायला स्तारी लुझोकमध्ये जो जो आला, त्याला तिने हे ऐकवून परत पाठवलं. शहाऐंशीच्या वसंतात अणुस्टेशन जळालं तेव्हा ती बटाटे लावत होती. काही दिवसांनी सैनिक आले आणि बटाटे लावू नका म्हणाले. "मग काय लावू, तुमच्या टोप्या?" असं म्हणत तिने उरलेली ओळ पुरी केली. ते बटाटे तिने खाल्ले, नवऱ्याने खाल्ले, डुकराने खाल्ले. नवरा चार वर्षांनी गेला तो सफरचंदाच्या झाडावरून पडून, आणि या गोष्टीचा तिला थोडा अभिमानच होता.

ओढ्यापलीकडचं गाव सरकारने उठवलं आणि आमचं ठेवलं. नकाशावर रेघ मारणाऱ्याची पट्टी ओढ्यापाशी संपली असावी. गाव राहिलं म्हणजे गाई राहिल्या, आणि गाई राहिल्या म्हणजे दूध आलं. आमच्या गाई चरतात दलदलीच्या कुरणात. तिथली माती मोठी दानशूर. आकाशातून जे पडलं ते तिने स्वतःजवळ काही ठेवलं नाही, सगळं गवताला दिलं. गवताने गाईला दिलं, गाईने दुधाला. ते डेअरीला चालायचं, पण एका अटीवर. लिटरमागे एकशे अकरा बेकरेलच्या आत पाहिजे, बेकरेल म्हणजे किरणांचं माप.

"एकशे दहाचं दूध पोरांना पाजायचं आणि एकशे बाराचं गटारात ओतायचं," अगाफ्या म्हणायची. "मधला तो एक कोणी चाखून बघितला, त्याचं नाव सांगा. मी त्याला पाटावर बसवून जेवू घालते."

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये परदेशातून गोळ्या आल्या. कोंबडीच्या अंड्याहून लांबट, जड, मेणात घोटलेल्या आणि गर्द निळ्या. एकेका गाईच्या घशात तीन तीन गोळ्या सारायच्या. त्या पोटात कित्येक महिने बसून राहतात, थोड्या थोड्या झिजतात, आणि त्यांतलं निळं ते सीझियम म्हणून जे काही आहे त्याला पोटातच धरून शेणावाटे बाहेर घालवतं. दुधात उतरूच देत नाही. हे सगळं गुरांचे डॉक्टर अंतोन काझिमिराविच यांनी वाचनालयात आम्हाला वाचून दाखवलं, आणि वाचताना ते स्वतःही ते पहिल्यांदाच ऐकत होते असं दिसलं.

गोळ्या सारायचं काम डॉक्टरांचं होतं. त्यासाठी लोखंडी नळी होती, हातमोजे होते आणि सही करायला जाडजूड रजिस्टर होतं. गावात अठ्ठावीस गाई. पहिल्या गाईने डॉक्टरांची बाही कोपरापर्यंत चावून चिंध्या केली. दुसऱ्या गाईने नळी चावली. तिसरी गाय अगाफ्याची, लास्का. अगाफ्याने डॉक्टरांना आधी आत बोलावलं, ओल्या बाहीवर कोरडा टॉवेल दिला, हातभट्टीची बाटली, खारवलेली काकडी आणि डुकराच्या चरबीचे काप पुढे ठेवले.

तिसऱ्या पेल्याला डॉक्टर म्हणाले, "मावशी, गाईचं तोंड तिच्या मालकिणीला जास्त ठाऊक, का मला?"

"मालकिणीलाच," अगाफ्या म्हणाली.

"मग या तीन गोळ्या ठेव. सवडीने सार." आणि बाकीच्या गोळ्याही घरोघर वाटायला देऊन तिथेच बसून त्यांनी अठ्ठावीसही गाईंपुढे 'दिल्या' असं लिहून टाकलं. अक्षर मात्र शेवटपर्यंत सुवाच्य राहिलं. दारू पिऊन अक्षर बिघडू न देणारा माणूस आमच्याकडे हुशार समजतात.

आता या गोळ्यांचं पुढे काय झालं, ते बाहेरच्या माणसाला पटणार नाही. पण ज्याने ते वर्ष आमच्याकडे काढलंय त्याला नवल वाटणार नाही. ईस्टर महिन्यावर आला होता. ईस्टरला घर सारवायचं, भिंती पांढऱ्या आणि खिडक्यांच्या चौकटी निळ्या करायच्या, ही आमची रीत. तिच्यात खंड झार पडला तेव्हा पडला नाही, जर्मन आले तेव्हा पडला नाही. आणि त्या वर्षी तालुक्याच्या दुकानात साबण नव्हता, खिळे नव्हते, आणि रंग तर दोन वर्षांत कोणी पाहिला नव्हता. अगाफ्याच्या कपाटात मात्र तीन गोळ्या. मेण आणि निळा रंग, तोही परदेशी.

तिने एक गोळी जवसाच्या तेलात टाकून मंद आचेवर ठेवली. मेण विरघळलं, रंग सुटला. दुपारपर्यंत रस्त्याकडच्या दोन खिडक्या अशा झळकू लागल्या की येणारीजाणारी बाई थांबून बघायला लागली. तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत तेल तापवल्याचा वास होता. ईस्टरच्या आठवड्यात तालुक्याचे अध्यक्ष मोटारीतून गेले, त्यांनी काच खाली करून पाहिलं, आणि स्तारी लुझोकला टापटिपीबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं. गाई दलदलीचं गवत खात होत्या ते खात राहिल्या. सीझियमपासून गावात कोणाचं संरक्षण झालं असेल तर ते खिडक्यांचं.

एकाच घराच्या खिडक्या त्या वर्षी फिक्या राहिल्या. ते घर तेक्ल्याचं, अगाफ्याच्या कुंपणाला लागून. तेक्ल्या म्हणजे छापलेलं सगळं खरं मानणारी बाई. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' असं लिहिलेलं असलं तर ती हलवायची आणि वर मोजायचीही. तिने नवऱ्याला आपल्या गाईची, मालिनाची, शिंगं धरायला लावली, बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात घालून तिन्ही गोळ्या मालिनाच्या घशात उतरवल्या. दंडावर दातांचे वळ पंधरा दिवस होते.

"गाईला गोळ्या चारतेस," कुंपणावरून अगाफ्या म्हणाली, "आता कोंबडीचा ताप बघ. आणि मांजराला चष्मा लागलाय का तेही विचार डॉक्टरांना."

"तू तुझ्या खिडक्या बघ," तेक्ल्या म्हणाली. "रोज धार काढत जा त्यांची."

हा टोला अगाफ्याला लागला, पण रंग छान झाला होता, म्हणून तिने तो मनावर घेतला नाही.

एप्रिलच्या शेवटी होमेलहून तिच्या मुलीचं, हालिनाचं पत्र आलं. हालिनाला पाच वर्षांची मुलगी, उल्याना. शहरात तिला खुर्चीवर बसवून अंगातलं सीझियम यंत्राने मोजलं होतं, आणि जे मोजलं ते जास्त भरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पोरीला दूध द्या, पण तपासलेलंच. हालिनाने लिहिलं होतं: 'आई, लास्काच्या दुधाचा कागद मिळाला तर उल्यानाला जूनपासून पाठवते, सगळा उन्हाळा राहील. कागद नसेल तर मला समजावू नकोस. तू काय बोलणार ते मला पाठ आहे.'

अगाफ्याने गेल्या उन्हाळ्यात नातीला पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यांतही नाही. पोर चालायला लागली, बोलायला लागली, आणि ते सगळं आजीला फोटोत बघावं लागलं. दूध काढताना, भाकरी भाजताना, डुकराशी बोलताना तिला हीच एक गोष्ट सलत होती. सीझियम खोटं होतं, पण त्याने नात अडवून धरली होती, आणि हे काही खोटं नव्हतं.

मग ती अर्धा लिटरची बरणी घेऊन गुरुवारी रांगेत उभी राहिली.

गुरुवारी मोजणीची गाडी यायची. गाडीत शिशाच्या जाड पेटीचं यंत्र आणि यंत्रामागे लिदिया पेत्रोव्हना, चष्मेवाली, सदा सर्दी झालेली. लास्काचं दूध आलं तीनशे चाळीस. गल्लीतलं बाकीचं दूधही त्याच्याच मागेपुढे. फक्त तेक्ल्याच्या मालिनाचं आलं अठ्ठेचाळीस.

यावर पहिल्यांदा कोण घाबरलं असेल तर अंतोन काझिमिराविच. ते धापा टाकत अगाफ्याच्या अंगणात आले.

"मावशी, हे तीनशे चाळीस कुठून आणलंस?"

"आचळातून."

"अगं, रजिस्टरात गोळ्या दिल्यात. गोळ्या दिलेल्या गाईचं दूध तीनशे चाळीस येऊच शकत नाही. म्हणजे चूक कुठे झाली?"

अगाफ्याने नव्या निळ्या चौकटींकडे पाहिलं.

"चूक दुधात झाली," डॉक्टर म्हणाले. "तू चुकीचं दूध आणलंस. पुढच्या गुरुवारी बरोबर दूध आण. सगळ्यांना सांग."

सगळ्यांना सांगावं लागलं नाही. पुढच्या बुधवारी तेक्ल्याच्या दाराशी एकेक बाई बरणी शालीआड धरून येऊ लागली. कोणाला धिरडी करायची होती, कोणाची गाय आटली होती, कोणाच्या मांजरीला पिल्लं झाली होती. अगाफ्या सगळ्यांत शेवटी आली.

"तुलाही धिरडीच का गं?" तेक्ल्याने विचारलं.

"उल्याना यायचीय," अगाफ्या म्हणाली. खोटं बोलायचं ठरवून आली होती, पण तेक्ल्यापुढे ते जमलं नाही.

तेक्ल्याने बरणी भरून दिली. वर एवढंच म्हणाली, "तुझ्या गोळ्या खिडकीला पाजल्यास, आता माझ्या गाईला तुझ्या गाईचं सोंग घ्यायला लाव."

शितावरून भाताची परीक्षा करतात ते ठीक आहे, पण आमच्याकडे अठ्ठावीस हंड्या आणि शीत एकाच हंडीतलं. लिदिया पेत्रोव्हनाने बरण्या एकामागून एक यंत्रात ठेवल्या. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. नवव्या बरणीला तिने चष्मा काढून पुसला आणि डॉक्टरांना म्हणाली, "तुमच्या गावाचं कौतुक आहे, अंतोन काझिमिराविच. अठ्ठावीस गाई आणि आचळ एकच."

"गोळ्यांचा गुण," डॉक्टर म्हणाले.

तिने नाक शिंकरलं आणि सह्या केल्या. त्या महिन्यात तिला अकरा गावं मोजायची होती, आणि अकराही गावं स्वच्छ निघाली तर तिच्या साहेबांना वरून शाबासकी मिळणार होती. ज्या गावात दूध घाण निघतं त्या गावात पुन्हा यावं लागतं, आणि पेट्रोल तिच्याकडेही नव्हतं.

लास्काच्या कागदावर अठ्ठेचाळीस, गोल शिक्का आणि 'डिसेंबरपर्यंत' असं आलं. अगाफ्याने तो पाकिटात घालून होमेलला पाठवला. जूनच्या पहिल्या रविवारी उल्याना बसमधून उतरली. अंगाने किरकोळ, बोलायला मोठी, आणि कागद परत आणून द्यायला सांगितलंय म्हणून तो फ्रॉकच्या खिशात घडी करून आणलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अगाफ्याने लास्काची धार काढली. दूध कोमट होतं, फेस आलेला. उल्याना गोठ्याच्या दारात पेला घेऊन उभी होती. पेला तिने दोन्ही हातांनी पुढे केला.

आणि अगाफ्याला ओतता येईना. सात वर्षं तिने हेच दूध प्यायलं होतं, पाहुण्यांना दिलं होतं, न पिणाऱ्याला भित्रा म्हटलं होतं. तिने बादलीत वाकून वास घेतला. वास दुधाचाच होता. तिने बोट बुडवून चाखलं. चव दुधाचीच होती. तरी तिला भीती वाटली, साधी सरळ भीती.

"हे वासराचं आहे," ती म्हणाली. "तुझं मी वेगळं आणते."

आणि तीच बादली हातात तशीच घेऊन ती कुंपणापाशी गेली. तेक्ल्या कोबीला पाणी घालत होती.

"तेक्ल्या, रोजचं एक लिटर देशील का?"

"तुझ्या लास्काचं अठ्ठेचाळीस आहे की. गोल शिक्क्याचं."

"टोमणे नंतर मार. पोर उभी आहे."

तेक्ल्याने टोमणे नंतरसाठी ठेवले, आणि सगळा उन्हाळा एकेक करून वापरले. दुधाच्या बदल्यात अगाफ्या तिच्या बिटाच्या वाफ्यात रोज तण काढायची, वाकून, गल्लीला दिसेल अशी. अगाफ्या गोळ्या मागायला डॉक्टरांकडेही गेली. खरोखर गाईला द्यायच्या म्हणून गेली.

"तुझ्या गाईला दिल्यात की," डॉक्टरांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "हे बघ. पुढच्या वर्षी."

"अंतोन काझिमिराविच, त्या कुठे गेल्या ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मला रजिस्टर ठाऊक आहे, मावशी. खिडक्या माझ्या खात्यात येत नाहीत."

उल्यानाला त्या उन्हाळ्यात रानात जायची बंदी होती. ब्लूबेरीला हात लावायचा नाही, भूछत्रं आणायची नाहीत, आजीने फक्त 'लांडगे आहेत' एवढंच कारण दिलं. पंचवीस वर्षांत आमच्या रानात लांडगा दिसलेला नाही. गावात बायका हसल्या. किरणांना हसणारी अगाफ्या आता ब्लूबेरीला घाबरते म्हणून त्यांनी तिला सोललं, आणि ती उलट बोलली नाही. पोर मालिनाचं दूध पीत होती, गालांवर रंग चढत होता, बस्स.

लास्काचं दूध मात्र काही वाया जात नव्हतं. रोज सकाळी सातला डेअरीची टाकीगाडी गल्लीच्या तोंडाशी यायची. गाडीवर इग्नात, पन्नाशीचा, शांत स्वभावाचा, हनुवटीवर जुना भाजल्याचा डाग. अगाफ्या किटली घेऊन जायची, इग्नात ती टाकीत रिकामी करायचा, आणि लास्काचं तीनशे चाळीस गल्लीच्या बाकीच्या दुधात मिसळून तालुक्याला निघून जायचं. पुढे ते कुठे जातं हे अगाफ्याने कधी विचारलं नाही. डेअरीत जातं. डेअरीपलीकडे तिच्या डोळ्यांपुढे काही नव्हतं.

ऑगस्टअखेर उल्याना परत गेली. होमेलला तिला पुन्हा त्या खुर्चीवर बसवलं आणि आकडा निम्म्यावर आला होता. हालिनाने पत्रात आईची माफी मागितली, लास्काच्या शिंगांचा मुका घे म्हणून लिहिलं. अगाफ्याने ते पत्र गल्लीभर वाचून दाखवलं, तेक्ल्याचं कुंपण सोडून.

सप्टेंबरच्या मध्यावर दुसरं पत्र आलं. उल्यानाला बालवाडीत घातलं होतं, खोली उबदार आहे, बाई चांगल्या आहेत. आणि मग हे: 'आई, तिच्या दुधाची आता काळजी नको. बालवाडीत रोज दोन पेले फुकट देतात. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, दूध तुमच्याच तालुक्याच्या डेअरीचं, गावोगावचं तपासलेलं, प्रत्येक गाईचा कागद आहे. मी म्हटलं, मग त्यात आमच्या लास्काचंही असेल. उल्याना तर सगळ्यांना सांगते की हे माझ्या आजीचं दूध.'

अगाफ्याने पत्र पुन्हा वाचलं. मग तशीच, पायात घरातल्या चपला, डॉक्टरांकडे गेली.

"माझ्या गाईचं दूध घाण आहे," ती म्हणाली. "लिहून घ्या."

डॉक्टर जेवत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला. "कागद स्वच्छ आहे."

"कागद तेक्ल्याच्या गाईचा आहे. तुम्हीच सांगितलंत आणायला."

"मी बरोबर दूध आणायला सांगितलं. मावशी, नीट ऐक. तुझं दूध घाण म्हटलं तर गोळ्या दिल्या नाहीत असं होतं. गोळ्या दिल्या नाहीत तर रजिस्टर खोटं. रजिस्टर खोटं तर अठ्ठावीस कागद खोटे, अध्यक्षांचं प्रशस्तिपत्रक खोटं, लिदिया पेत्रोव्हनाची सही खोटी. एका म्हातारीच्या किटलीपायी तालुका खोटा ठरवू? डिसेंबरला कागद संपतो. तेव्हा ये."

"डिसेंबरपर्यंत पोर रोज पिणार."

"मग मुलीला कळव, बालवाडीचं पाजू नको म्हणून."

हे तिलाही सुचलं होतं. पण कळवायचं म्हणजे लास्काचा कागद कसा मिळाला ते कळवायचं, आणि मग पुढचा उन्हाळा, त्याच्या पुढचा उन्हाळा, सगळे उन्हाळे गेले. घरी येऊन तिने पत्र लिहायला घेतलं. 'लाडक्या हालिना' एवढं लिहून झालं. मग सगळं लिहिलं. गोळ्या, खिडक्या, तेक्ल्याची बरणी, सगळं. पाकिटाला जीभ दोनदा लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी सातला ती टाकीगाडीपाशी गेली, एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात किटली. पाकीट तिने इग्नातला दिलं, तालुक्याच्या टपालपेटीत टाक म्हणून. इग्नातने ते खिशात ठेवलं आणि सवयीने किटलीला हात घातला. तिने किटली सोडली नाही.

"हे टाकीत घालायचं नाही, इग्नात. उद्यापासून आणणारही नाही. हे घाण आहे."

"कागद आहे ना तुमच्याकडे?"

"कागद खोटा आहे. माझी उल्याना होमेलच्या बालवाडीत हेच पिते."

इग्नातने किटलीवरचा हात काढला. त्याने तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं, त्यांच्या सत्तावीस किटल्यांकडे पाहिलं, आणि मग पुन्हा तिच्याकडे. आवाज चढवायचा त्याचा स्वभावच नव्हता.

"मावशी, मेपासून मी रोज ही टाकी डेअरीत रिकामी करतो," तो म्हणाला. "तिथलं दूध दुसऱ्या कोणाची पोरं पीत नव्हती का?"

  अगाफ्याच्या मागच्या बाईने किटली या हातातून त्या हातात घेतली आणि एक पाऊल पुढे सरकली, कारण गाडीला पुढच्या गावी आठला पोचायचं होतं.